आमेनशिवाय गाडी हलत नाही

ती. ताईस,

धाकट्याचा प्रभूमध्ये सलाम, आणि भाऊजींना वेगळा सलाम, जरा मोठ्या आवाजात (पोचला नाही तर कागद त्यांच्या चांगल्या कानाकडे धर). तुझा गुडघा कसा आहे? मागे फोनवर तू गुडघ्याची हकिकत सुरू केलीस आणि ती घोट्यापर्यंत उतरली तेवढ्यात माझ्या क्लासची वेळ झाली, त्यामुळे पुढे पायाचं काय झालं ते कळलंच नाही. तेल लावत असशील अशी आशा आहे. भाऊजींची भूक, तुमच्या गच्चीतल्या कुंड्या आणि समोरच्या घरातला तो पहाटे पेटी वाजवणारा इसम हे सगळे ठीक असतील असं धरून चालतो. इकडेही क्षेम आहे. पत्र लिहायला तसं कारण विशेष काही नाही. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, ताई. राग मानू नकोस. मी "हॅलो" म्हणतो आणि त्यानंतर माझा पुढचा शब्द "बरं, ठेवतो" हा असतो. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मधे तोडता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, खुर्ची ओढ आणि शेवटपर्यंत वाच. मधे बोललीस तरी मला ऐकू येणार नाही.

तर भिंगरी गेली. (घाबरू नकोस, नोकरीला गेली आणि सुखरूप पोचली. हे वाक्य आधी लिहायला हवं होतं, पण आता शाईनं लिहिलंय.) लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तिला घेतलंय. माणसं मधल्या मजल्यावर अडकली की ही जाऊन त्यांना सोडवणार. लहानपणी ही स्वतः किती वेळा कपाटात, पिंपात आणि एकदा उपासनेच्या वेळी बाकाच्या पाठीच्या फळ्यांत डोकं घालून अडकली होती ते तुला आठवत असेल; तेव्हा अनुभव दांडगा आहे. गाव लांबचं. लेकीबरोबर माझी जुनी गाडी दिली. नवी घेऊन देईन म्हटलं तर म्हणाली, हिचे सगळे आवाज मला ओळखीचे आहेत, नवीचे नव्यानं शिकावे लागतील. आईवर गेली आहे.

पण खरी भानगड जाण्याची नव्हती, निघण्याची होती. आमच्या घरची व्यवस्था तुला ठाऊक आहे. प्रार्थना करायचं खातं भिंगरीच्या आईकडे आणि आमेन म्हणायचं माझ्याकडे. तिची एक रीत होती, तू आमच्याकडे राहिली होतीस तेव्हा पाहिली असशील: प्रार्थना ती स्वतः कधी संपवायची नाही. शेवटचं वाक्य झालं की डोळे मिटून गप्प बसायची, आणि मी आमेन म्हणेपर्यंत उघडायची नाही. मला डुलकी लागली असली तर कोपरानं ढोसायची. तिचं म्हणणं असं, की आपणच मागायचं आणि आपणच अनुमोदन द्यायचं, ही कसली सभा? दुसऱ्यानं आमेन म्हटलं की मागणं दोघांचं होतं. मी म्हणायचो, ठीक आहे बाई, माझं काम सोपं आहे. आणि सोपं होतंच. ती गेल्यावर (ही मात्र खरीच गेली) घरात आमेन म्हणणारे दोघं उरलो आणि प्रार्थना करणारं कुणीच नाही. जेवायला बसलो की भिंगरी आणि मी डोळे मिटायचो, थोडा वेळ फ्रिजची घरघर ऐकायचो आणि एकदम आमेन म्हणून ताटाला हात घालायचो. मधलं काय ते देवाला पाठ असेल, अशा भरवशावर आमचं चाललं होतं.

अशात नोकरीचं पत्र आलं आणि भिंगरीनं स्वयंपाकघरात, कांदा चिरता चिरता, अट घातली. निघताना आई करायची तशी प्रार्थना हवी, दारात उभं राहून, भिंगरीचं नाव घेऊन, आणि ती मीच करायची. पाळकसाहेबांना बोलवू का, असं मी विचारल्यावर म्हणाली, बोलवा, मग मी गाडी ठेवून बसनं जाईन. तिचे डोळे भरले होते, पण समोर कांदा असल्यामुळे तिला काही विचारायची सोय नव्हती. ताई, मी रोज रस्त्यावर ओरडून चार माणसांना वाट दाखवतो, पण चारचौघांत "हे प्रभू" म्हटल्यावर माझ्या तोंडून पुढचा शब्द फुटत नाही. आणि लेक तर आईच्या प्रार्थनेशिवाय उंबरा ओलांडायला तयार नाही. मला रात्रंदिवस एकच घोर लागला: पोरीला तसंच पाठवायचं नाही. हाताशी थोडे आठवडे होते. तुला फोन केला, तेव्हा तू म्हणालीस (मी मधे बोलू शकलो नाही म्हणून सगळं नीट आठवतंय) की प्रार्थना ऐनवेळी येत नसते, ती रोजची असावी लागते, सवय लावून घे, पहाटे उठ.

पहाटे उठलो. हॉलमधल्या खुर्चीत ताठ बसलो, हात जोडले, डोळे मिटले. पहिले दोन-तीन दिवस घरात माझा दबदबाच वाढला. भिंगरी चवड्यांवर चालायची, मिक्सर लावायची नाही, दूधवाला आला तर ओठांवर बोट ठेवून त्याला दारातच थोपवायची. मग एके दिवशी तिनं मला हलवून सांगितलं, की बाबा, प्रार्थनेत माणूस इतका वेळ गप्प राहू शकतो, पण घोरत नाही. खुर्ची सोडली, गुडघ्यांवर आलो. गुडघ्यांवर झोप येत नाही, हे खरं. पण गुडघ्यांवरून उठताही येत नाही. आपल्या घराण्यात गुडघे काय दर्जाचे आहेत ते तुला सांगायला नको. रांगत सोफ्यापर्यंत गेलो तेव्हा सोफ्याखाली टीव्हीचा रिमोट सापडला, जो दिवाणखाना पालथा घातला तरी मिळत नव्हता. मी मनापासून "देवा, तुझे उपकार" म्हणालो. ताई, त्या सगळ्या आठवड्यात माझ्या तोंडून निघालेली तेवढी एकच खरी प्रार्थना, आणि ती रिमोटसाठी होती. पाळकसाहेबांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत (ते पाळकच आहेत ना, हसू दाबण्यात त्यांचा हातखंडा) आणि म्हणाले, आपल्या माणसाशी बोलता तसं बोला.

आता आली पंचाईत. आपल्या माणसाशी मी बोलतो कसा? मी गाडी शिकवतो. इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून माझ्या जिभेला आज्ञार्थाशिवाय दुसरं काही येईनासं झालंय. बघ, थांब, सोड, दाब, वळव, हळू. घरी भिंगरीलाही मी "जेवायला चल" असं न म्हणता "चल, पुढे घे" म्हणतो. तसाच देवाशी बोलायला गेलो तर काय झालं? "प्रभू, लक्ष दे. इकडे बघ. घाई करू नको." माझं मलाच कसंतरी झालं. विश्वाचा धनी तो, आणि मी त्याला शिकाऊ लायसन्स काढून दिल्यासारखा बोलत होतो. तोंड मिटलं आणि ऑफिसला गेलो.

गाडीत बसल्यावर मात्र डोक्यात प्रकाश पडला. मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी काय सांगतो? सवय आठवणीच्या भरवशावर सोडायची नाही, तिला कशाला तरी बांधायचं. दार लागलं की हात पट्ट्याकडे गेलाच पाहिजे. मग म्हटलं, शहाण्या, लोकांना सांगतोस, तूच का बांधत नाहीस? पट्ट्याला प्रार्थना बांधून टाक. पट्टा खट्‌ वाजला की प्रार्थना. दिवसभर माझ्या गाडीत पट्टे वाजतच असतात, सवय न लागून जाते कुठे?

पहिला पट्टा लावला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. खट्‌ वाजलं, मी हात जोडले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात सुरुवात केली. बराच वेळ गाडी चालू होईना म्हणून डोळे उघडले, तर बाईंचे दोन्ही हात स्टिअरिंग सोडून मांडीवर, आणि तोंड रडवेलं. म्हणाल्या, सर, मी इतकी वाईट चालवते का? मी सांगू लागलो की तसं नाही, ही माझी खाजगी बाब आहे. त्या म्हणाल्या, मला सांगू नका, माझ्या खुर्चीत बसणारे पेशंट मी मशीन हातात घेतलं की नेमके असेच दिसतात. त्या दिवशी आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा गेलो नाही. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्या बाईंनीही तेच पाहिलं, आणि बेकरीवाल्यांनी पाहिलं म्हणजे गावानं पाहिलं. आठवडाभरात बोभाटा झाला, की अमक्या स्कूलचा मास्तर विद्यार्थी सुटला की देवाचा धावा सुरू करतो. दोघा-तिघांनी नावं काढून घेतली. आमच्या स्कूलच्या मालकीणबाईंनी मला बोलावून विचारलं, तुमच्या बाजूला वेगळा ब्रेक बसवून दिलाय तो कशासाठी? (नवख्यानं चूक केली तर मास्तरला गाडी थांबवता यावी म्हणून आमच्या गाड्यांत शेजारच्या सीटखालीही ब्रेक-क्लच असतात, हे तुला माहीत असावं. एकदा तू माझ्या शेजारी बसून पाय ताणलेस आणि आपण भर चौकात उभे राहिलो, तोच तो ब्रेक.) मी म्हटलं, ब्रेक आहेच, पण सवय लावतोय. त्या म्हणाल्या, सवय लावा, पण डोळे उघडे ठेवून आणि लोकांना ऐकू येईल असं बोला. गुपचूप केलं की माणसाला वाटतं काहीतरी भयंकर होणार आहे. बाई व्यवहारी आहे.

तेव्हापासून मी उघड्या डोळ्यांनी, रस्त्याकडे बघत, मोठ्यानं एक छोटी प्रार्थना म्हणू लागलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांभाळ, आम्हाला सांभाळ, कुत्र्यांना सांभाळ, आमेन. नवऱ्यापुढे भीतीनं गाडीचं नावही न काढणाऱ्या बायका यानं शांत व्हायला लागल्या. कुणाला सक्ती नव्हती, पण कुणी नकोही म्हटलं नाही. हळूहळू ठरूनच गेलं: पट्टा, आरसा, प्रार्थना, आमेन, आणि आमेनवर क्लच सोडायचा. मी मात्र मनातून खट्टूच होतो. एकतर आमेन माझं मलाच म्हणावं लागायचं (भिंगरीच्या आईच्या भाषेत ही सभाच नव्हे), आणि दुसरं म्हणजे ते सगळं पुन्हा आज्ञार्थातच. हे मी एकदा आमच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंपाशी बोलून दाखवलं. त्या माझ्याकडे गाडी शिकत होत्या. अशी आज्ञाधारक विद्यार्थिनी मी जन्मात पाहिली नाही, "डावीकडे बघा" म्हटलं तर मी "आता सरळ बघा" म्हणेपर्यंत डावीकडेच बघायच्या. सिग्नलला थांबलो होतो. त्या समोर बघत म्हणाल्या, "मास्तर, आज्ञार्थाचं रूप एकच असतं. हुकूम असो नाही तर आर्जव असो. फरक पडतो तो आवाजात. आई तापातल्या लेकराला 'ऊठ, पाणी पी' म्हणते, तो काय हुकूम असतो?" मग सिग्नल हिरवा झाला, पण मी "निघा" म्हटलं नाही म्हणून त्या निघाल्या नाहीत, आणि मागच्या ट्रकनं आम्हाला आपला आज्ञार्थ ऐकवला.

याच बाईंच्या परीक्षेच्या दिवशी माझी अब्रू जायची वेळ आली. परीक्षेला मास्तर गाडीत बसू शकत नाही, मैदानाच्या कडेला उभा राहतो. शेजारी बसले परीक्षक साहेब. त्यांचा स्वभाव असा, की त्यांच्या मिशासुद्धा कुणाच्या तरी चुकीची वाट बघत असतात. बाईंनी पट्टा लावला, आरसे पाहिले, गाडी चालू केली, गिअर टाकला आणि थांबल्या. साहेब म्हणाले, चला. बाई नुसत्या समोर बघत बसल्या. साहेबांनी पुन्हा सांगितलं. बाई नम्रपणे म्हणाल्या, तुम्ही म्हणा, मग निघते. साहेब म्हणाले, म्हटलं की, चला. बाई म्हणाल्या, ते नव्हे. मी लांबून बघतोय, गाडी गुरगुरतेय आणि जागची हलत नाहीये. शेवटी साहेबांनी काच खाली करून मला हाक मारली. मी धावत गेलो आणि, ताई, मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत असताना सांगितलं, की साहेब, आपल्याला एक शब्द म्हणावा लागेल. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मागे लागलेल्या रांगेकडे पाहिलं, आणि डॉक्टरला दुखणं सांगावं तसं हळूच म्हणाले, "आमेन." गाडी लोण्यासारखी निघाली. बाई पास झाल्या. साहेबांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की पुढच्यांना "चला" वर निघायला शिकवा. जरा थांबून म्हणाले, पण यांनी आरसे मात्र एकूण एक पाहिले. रविवारी उपासनेत मी शेवटच्या बाकावर होतो. पाळकसाहेबांनी आमेन म्हटल्याबरोबर माझा उजवा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. ब्रेकच्या जागी गायनमंडळाच्या प्रमुखांची खुर्ची होती. पुढचं गीत त्यांनी बऱ्याच वरच्या पट्टीत धरलं.

असं करता करता निघायचा दिवस उजाडला. सवय लागली होती म्हण, नव्हती म्हण. कुत्र्यांपर्यंतची प्रार्थना मला येत होती, पण लेकीला कुत्र्यांवर कसं वाटेला लावणार? म्हणून तिच्या आईच्या चालीची एक लांब, चांगली प्रार्थना मी मनात जुळवून ठेवली होती. "करुणासागरा" होतं तीत, "कृपाछत्र" होतं, शेवटाजवळ तू नेहमी वापरतेस ते "पंखांखाली" पण घेतलं होतं (परवानगी न घेता, माफ कर). आंघोळ करताना ती मी अस्खलित म्हणून पाहिली. सामान भरलं, बोचकी बांधली, मागची काच पुसली. समोरच्या इस्त्रीवाल्या काकू निरोप द्यायला हातातली इस्त्री तशीच घेऊन आल्या. भिंगरी स्टिअरिंगवर बसली, पट्टा खट्‌ वाजला, तिनं काच खाली केली, हात जोडले आणि डोळे मिटले. मी गाडीच्या टपावर हात ठेवला. आणि ताई, माझ्या डोक्यातून करुणासागर आटला. कृपाछत्र उडालं. एक शब्द शिल्लक नाही. टप गार लागत होता, इंजिन चालू होतं, आणि पोरगी डोळे मिटून वाट बघत होती, अगदी तिची आई बसायची तशी.

मग माझं तोंड आपोआप सुटलं, आणि त्याला जे येतं तेच ते बोललं. मी म्हणालो, "आरसे बघ. मागचं बघ, पण मागेच बघत बसू नको. अंतर ठेव. दमलीस तर थांब, कुणी हॉर्न वाजवला तरी थांब." इथपर्यंत ते लेकीला होतं. पुढे मी कुणाशी बोलतोय ते माझं मलाच कळेनासं झालं. रूप तेच होतं, आवाज मात्र बदलला. "आणि तू बघ. आरशात न दिसणारी एक बाजू असते, ती तिला दिसणार नाही, तेवढी तू बघ. स्टिअरिंग तिच्याच हातात राहू दे, ती दुसऱ्याला देणार नाही. पण उद्यापासून तिच्या शेजारच्या सीटवर मी नाही. तू बस. ब्रेकवर पाय ठेव." एवढं झालं आणि मला पुढे काही सुचेना. काकूंच्या इस्त्रीतून वाफ येत होती. भिंगरीनं डोळे न उघडता म्हटलं, "आमेन." आणि क्लच सोडला, आणि गाडी बंद पाडली. माझ्या मुलीनं, माझ्या दारात, माझ्या गाडीचा क्लच झटक्यात सोडला. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला पहिल्या धड्यापासून शिकवलं असतं. तिनं नाक पुसलं, पुन्हा चावी फिरवली, दोन्ही आरसे पाहिले आणि गेली. वळणावर इंडिकेटर वेळेवर दिला. काकू म्हणाल्या, प्रार्थना चांगली झाली, पण ते अंतर ठेवायचं आमच्या धाकट्या जावेलाही कुणीतरी सांगायला हवं.

संध्याकाळी ती पोचल्याचा फोन आला. खोली बरी आहे, खिडकीतून एक चिंचोळी गल्ली दिसते, नळाला पाणी आहे, आणि गंमत म्हणजे त्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. बाकी सगळं ठीक. दिवस सरकतायत. मालकीणबाईंनी "शांत चित्ताने ड्रायव्हिंग शिका" अशी नवी पाटी लावली आणि गेलेल्यांतले दोघं परत आले. डॉक्टरीणबाई आता गाडी चालवत दवाखान्यात जातात आणि पेशंटला खुर्चीत बसवलं की आधी मोठ्यानं म्हणतात, घाबरू नका, मला येतं. तर असं आहे. कारण विशेष काही नव्हतं म्हणून एवढ्यावरच आवरतो. गुडघ्याला जप, भाऊजींना जिन्यावर हात दे. तुम्हा दोघांना प्रभू सुखी ठेवो (हा आज्ञार्थ नाही, बाईंना विचारून घेतलंय).

तुझा,
धाकटा

ता. क. – ताई, एक राहिलंच. तू सवय लाव म्हणाली होतीस, ती लागली. संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा लावला की मी आता आपोआप टेबलाशी बसतो आणि प्रार्थना होते. कुणी सांगावं लागत नाही, शब्दही अडत नाहीत. भिंगरीचं, तुझं, गुडघ्याचं, परीक्षक साहेबांचं, सगळ्यांचं मागून होतं. फक्त शेवटी अडतं. शेवटचं वाक्य झालं की मी थांबतो. फ्रिज घरघरतो. गाडीत माझं मीच आमेन म्हणतो ते चालतं, ते गाडी सोडायचं आमेन. पण घरचं मला म्हणता येत नाही. पूर्वी या घरात आमेन म्हणणारे दोघं होते आणि प्रार्थना करणारं कुणी नव्हतं. आता प्रार्थना करणारा एक आहे आणि आमेन म्हणायला कुणी नाही. परवा मी डोळे मिटून इतका वेळ बसून राहिलो की भाजी करपली. तर रोज संध्याकाळी, दिव्याच्या सुमारास, तू मला फोन करशील का? मी प्रार्थना करीन. तू फक्त आमेन म्हणायचं.

ता. क. दुसरा – फक्त आमेन, ताई. आधी काही नाही आणि नंतर काही नाही. हवामान, राज्यकारभार आणि गुडघा यांच्यासाठी सकाळचा वेगळा फोन करावा. भाऊजींना स्पीकरवर घेऊ नकोस, ते मधेच "कोण आहे?" विचारतात आणि त्याचं उत्तर प्रार्थनेत देता येत नाही.

ता. क. शेवटचा – पाकीट चिकटवणार तेवढ्यात भिंगरीचा फोन वाजला. मी घाबरलो, कामाला निघायच्या वेळी ती कधी फोन करत नाही. गाडीतच बसली होती. इंजिनाचा आवाज येत होता, तो माझ्याही ओळखीचा आहे. म्हणाली, पट्टा लावला, आरसे पाहिले, आईसारखं सगळं मागून झालं, आणि आता इथे कधीची बसून राहिलेय. मला आधी कळेना. मग ती म्हणाली, "बाबा, म्हणा ना." मी म्हटलं. गाडी निघाल्याचं ऐकू आलं, आणि या खेपेला तिनं क्लच अगदी बेतानं सोडला. उद्यापासून रोज याच वेळी फोन येणार आहे, म्हणजे मला पहाटे उठणं भाग आहे. तेव्हा तुझा तोही सल्ला अखेर अंमलात आला. संध्याकाळचं तेवढं तू बघ.